उत्तर लिहिलं, पण पोहोचलं का?

एका विद्यार्थिनीचा पेपर माझ्या चांगला लक्षात आहे. दोन तासांची परीक्षा, पाच प्रश्न, उत्तरं टाइप करायची आणि फाइल अपलोड करायची. तिने वेळेआधी दहा मिनिटं फाइल अपलोड केली, पडद्यावर फाइलचं नाव दिसलं आणि निश्चिंत होऊन लॅपटॉप मिटला. पेपर तपासणारी शिक्षिका म्हणून माझ्याकडे मात्र तिच्या नावापुढे शब्द आले, 'मसुदा, सबमिट केलेला नाही'. फाइलच्या खाली आणखी एक बटण होतं, ते तिने दाबलंच नव्हतं. निकालात शून्य दिसल्यावर तिचा मेल आला. मसुद्यातली फाइल उघडून पाहिली तर उत्तरं उत्तम होती. फाइल मुदतीच्या आत सर्व्हरवर आल्याची नोंद होती, म्हणून खूप खटपटीनंतर ती स्वीकारली गेली. दरम्यान चार दिवस त्या मुलीला नीट झोप लागली नसेल.

कागदावरच्या परीक्षेत हा प्रश्नच येत नाही. लिहिलेलं उत्तर कागदावर असतं आणि तोच कागद पर्यवेक्षक तुमच्या हातून घेतात. ऑनलाइन परीक्षेत एकाच उत्तराच्या दोन जागा असतात. एक तुमचा पडदा आणि दुसरा परीक्षा घेणाऱ्याचा सर्व्हर, म्हणजे दूर कुठेतरी चालू असलेला संगणक, जिथे तुमची उत्तरं साठतात. गुण मिळतात ते दुसऱ्या जागी पोहोचलेल्या उत्तराला. पडद्यावर काय दिसतंय याची तिथे दखल नसते. अभ्यास झालेला असूनही ज्यांचे गुण जातात, त्यांचे पेपर पाहताना मला बहुतेक वेळा या दोन जागांमधल्या फटीतच चूक सापडते. ही फट कुठे कुठे असते ते एकदा समजलं की निम्मी भीती जाते.

'सेव्ह' नक्की कधी होतं

तुम्ही पर्यायावर क्लिक करता किंवा रकान्यात टाइप करता तेव्हा ते आधी फक्त तुमच्या ब्राउझरमध्ये असतं. तिथून एक छोटा संदेश सर्व्हरकडे जातो, सर्व्हर नोंद करतो आणि 'मिळालं' असं कळवतो. हा संदेश कधी जातो ते प्रत्येक प्रणालीत वेगळं असतं. उदाहरणार्थ, जगभर वापरल्या जाणाऱ्या मूडल या प्रणालीत चाचणी चालू असताना उत्तरं आपोआप सेव्ह होतात, पण मुळात ठरवलेलं अंतर एक मिनिटाचं आहे. म्हणजे शेवटच्या सेव्हनंतर पन्नास सेकंद तुम्ही भराभर टाइप केलं आणि नेट गेलं, तर त्या पन्नास सेकंदांतलं लिखाण अजून तुमच्याकडेच आहे. काही प्रणाली तर आपोआप काहीच सेव्ह करत नाहीत. 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबलं तरच उत्तर जातं.

इथे फसवणारी एक जागा आहे. बहुपर्यायी परीक्षांमध्ये पडद्याच्या कडेला प्रश्नक्रमांकांची चौकट असते. सातव्या प्रश्नाचा पर्याय निवडला आणि थेट बाराव्या क्रमांकावर क्लिक केलं की आपण बाराव्या प्रश्नावर जातो, पण सातव्याचं उत्तर अनेक प्रणालींमध्ये सेव्ह होत नाही. सूचनांच्या पानावर हे लिहिलेलं असतं. ते पान वाचायचा मात्र सगळ्यांना कंटाळा. 'नंतर पाहण्यासाठी' म्हणून खूण केलेल्या प्रश्नांचंही तसंच. उत्तर देऊन खूण केली असेल तर काही परीक्षांमध्ये ते उत्तर धरलं जातं, काहींमध्ये धरलं जात नाही. चौकटीतल्या कुठल्या रंगाचा अर्थ काय, हे परीक्षा सुरू होण्याआधी रफ कागदावर लिहून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

मोठं उत्तर लिहिताना प्रत्येक परिच्छेदानंतर सेव्ह करायची सवय लावून घ्या. एकच पेपर दोन टॅबमध्ये किंवा फोन आणि लॅपटॉपवर एकाच वेळी उघडू नका. जुन्या टॅबमधलं अर्धवट उत्तर नव्या उत्तराच्या जागी बसण्याची शक्यता असते, शिवाय काही प्रणाली दुसरीकडे लॉगिन झालं की पहिलीकडून सरळ बाहेर काढतात. ब्राउझरचं मागे जायचं बटण परीक्षेपुरतं विसरून जा. मागे जायचं असेल तर प्रश्नपत्रिकेतलंच बटण वापरा.

घड्याळ कोणाचं

तुमच्या मनगटावरचं नाही, लॅपटॉपच्या कोपऱ्यातलंही नाही. वेळ मोजतो तो सर्व्हर. पडद्यावर उलटे पळणारे आकडे तुमच्या ब्राउझरने तुमच्या सोयीसाठी दाखवलेले असतात. आजचे ब्राउझर बॅटरी वाचवण्यासाठी मागे पडलेल्या टॅबमधली कामं मंद करतात, त्यामुळे दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन परत आलात तर दिसणारी वेळ थोडा काळ चुकीची असू शकते. सर्व्हरवर मात्र ती तशीच पुढे सरकत असते. म्हणून शेवटचं मिनिट लिहिण्यासाठी धरूच नका.

दुसरा गोंधळ परीक्षेची खिडकी आणि परीक्षेचा कालावधी यांतला. सूचना असते, 'पेपर सकाळी १० ते दुपारी १२ उघडा राहील, वेळ ९० मिनिटं'. अकरा वाजता सुरू करणाऱ्याला वाटतं की साडेबारापर्यंत आपले ९० मिनिटं आहेत. बहुतेक ठिकाणी बाराला पेपर बंद होतो आणि त्याच्या हाती फक्त ६० मिनिटं लागतात. खिडकी उघडताच सुरू करणं केव्हाही बरं.

वेळ संपल्यावर काय होतं हेही परीक्षा घेणारा ठरवतो. मूडलमध्येच त्याचे तीन पर्याय आहेत. एकात वेळ संपताच उत्तरं आपोआप सबमिट होतात. दुसऱ्यात सबमिट करायला थोडा वाढीव वेळ मिळतो, पण नवीन उत्तर लिहिता येत नाही. तिसऱ्यात वेळेच्या आत स्वतः सबमिट केलं नाही तर तो प्रयत्न धरलाच जात नाही. तिन्ही पेपर लिहिताना अगदी सारखे दिसतात! आपल्या परीक्षेला यांपैकी कुठला पर्याय आहे, हे शिक्षकांना आधी विचारण्यात काहीही कमीपणा नाही.

मुदत 'पंधरा तारीख, रात्री १२' अशी असेल तर हमखास घोळ होतो. चोवीस तासांच्या घड्याळात १५ तारखेचे ००:०० म्हणजे १४ तारखेची रात्र संपते तो क्षण. पंधराव्या दिवशी संध्याकाळी लिहायला बसलेल्यांच्या हाती काहीच उरत नाही. परीक्षा दुसऱ्या देशातल्या संस्थेची असेल तर वेळ कुठल्या देशाची आहे ते पाहा. काही देश वर्षातून दोनदा घड्याळ एक तास पुढेमागे करतात, त्यामुळे मागच्या महिन्यात जुळवलेला हिशोब या महिन्यात चुकू शकतो.

फोटो, फाइल आणि अपलोड

हाताने लिहून फोटो अपलोड करायचे असतील तर सगळ्यात जास्त पेपर इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपण नेटचा वेग म्हणतो तो सहसा डाउनलोडचा असतो. व्हिडिओ न अडखळता चालतो म्हणजे नेट चांगलं, असा आपला समज. पण पेपर पाठवताना प्रवास उलट दिशेने होतो आणि अपलोडचा वेग अनेक जोडण्यांमध्ये डाउनलोडच्या मानाने बराच कमी असतो. एक हिशोब करून पाहू. दहा पानं लिहिली, प्रत्येक पानाचा फोटो ४ मेगाबाइटचा. एकूण ४० मेगाबाइट. नेटचा वेग मोजतात मेगाबिटमध्ये आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून पाठवायचे झाले ३२० मेगाबिट. अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल तर सगळं सुरळीत चालूनही ३२० सेकंद लागतील, म्हणजे ५ मिनिटं २० सेकंद. मुदत संपायला चार मिनिटं असताना बटण दाबणाऱ्याने मनाशी काहीही हिशोब केला असला तरी त्याची फाइल वेळेत पोहोचणं शक्य नाही. हीच दहा पानं स्कॅनिंगच्या ॲपमधून काळ्यापांढऱ्या पीडीएफमध्ये बदलली आणि सगळी मिळून ४ मेगाबाइट झाली, तर ३२ सेकंद पुरतात.

फाइलचा प्रकार हा दुसरा सापळा. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ आल्यापासून, फोटो मुळात एचईआयसी या प्रकारात साठवतो. फोटो फोनवर छान दिसतो, पण अनेक परीक्षा प्रणाली तो घेत नाहीत. मे २०२० मध्ये अमेरिकेत कॉलेज बोर्ड या संस्थेच्या एपी परीक्षा (शाळकरी विद्यार्थ्यांसाठीच्या कॉलेज पातळीच्या परीक्षा) महामारीमुळे घरून घेतल्या गेल्या, तेव्हा काही विद्यार्थ्यांची उत्तरं नेमकी याच कारणाने अडकली आणि त्यांना जूनमध्ये फेरपरीक्षा द्यावी लागली. काहींनी फाइलच्या नावाचं शेपूट बदलून जेपीजी केलं. त्याने उपयोग होत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतला पदार्थ बदलत नाही. फोटो खरोखर दुसऱ्या प्रकारात बदलावा लागतो, किंवा आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' हा पर्याय परीक्षेआधी निवडून ठेवावा लागतो.

आता फोटो तपासणाऱ्याला कसा दिसतो ते सांगते. वरून दिवा आणि मध्ये फोन, त्यामुळे पानाच्या मधोमध काळी सावली. पेन्सिलीची आकृती पार पुसट. तिसरं पान आडवं, पाचवं उलटं आणि सातवं पान नाहीच. शेवटची ओळ फोटोच्या चौकटीबाहेर. मी पडदा मोठा करून, मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न करते, बहुतेक शिक्षक करतात. पण जे दिसतच नाही त्याला गुण देता येत नाहीत. काळ्या किंवा गडद निळ्या पेनने लिहा, प्रत्येक पानाच्या वर पानक्रमांक आणि प्रश्नक्रमांक टाका, खिडकीकडे तोंड करून पान सपाट ठेवून फोटो काढा. हे सगळं आदल्या दिवशी दोन कोऱ्या पानांवर एकदा करून बघा. पीडीएफ बनवायची पहिली वेळ परीक्षेची शेवटची पंधरा मिनिटं असू नये.

आणि अपलोड झाल्यावर तीच फाइल परीक्षेच्या पानावरून पुन्हा उघडून पाहा. आपल्या फोल्डरमधली नव्हे, अपलोड झालेली. 'उत्तर शेवटचं', 'उत्तर शेवटचं नवीन' अशा नावांच्या गर्दीत भलतीच फाइल गेलेली इथेच पकडता येते. शेजारी 'सबमिट झालं' असे शब्द, पावती क्रमांक किंवा मेल, जे काही मिळत असेल ते पाहूनच उठा.

यंत्र तपासतं तेव्हा

मी मान वाकडी करून वाचते, यंत्र वाचत नाही. उत्तर संख्येत लिहायचं असेल तर त्याला एकच ठरलेला साचा कळतो. देवनागरी कीबोर्ड चालू राहिला आणि तुम्ही मराठी आकड्यांत '१.५' लिहिलंत, तर अनेक प्रणालींच्या लेखी ती संख्याच नव्हे. इंग्रजी आकड्यांचा कीबोर्ड आहे ना, ते आधी पाहा. दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम, आकड्यापुढे सवयीने लिहिलेलं एकक, मोठ्या संख्येतले हजाराचे स्वल्पविराम, यांतल्या कशानेही बरोबर उत्तर चूक ठरू शकतं. वजाचं चिन्ह दुसरीकडून कॉपी केलं असेल तर ते दिसायला वजा पण आतून लांब डॅश असतं. कीबोर्डवरचं साधं चिन्ह स्वतः टाइप करा. 'दोन दशांश स्थळांपर्यंत' म्हटलं असेल तर तेवढंच लिहा.

पर्यायांपुढे गोल असेल तर एकच निवडायचा, चौकोन असेल तर एकाहून जास्त बरोबर असू शकतात. हा संकेत जवळजवळ सगळीकडे पाळला जातो.

अजून एक बारीक गोष्ट. पर्यायांची यादी खाली उघडणारा रकाना असतो ना, त्यात योग्य पर्याय निवडून पान खाली सरकवायला माऊसचं चाक फिरवलं, तर काही ब्राउझरमध्ये पान न सरकता निवडलेला पर्यायच बदलतो. कळतही नाही. निवडून झाल्यावर पानाच्या रिकाम्या जागी एकदा क्लिक करा, मग चाक फिरवा.

कॅमेऱ्याला काय दिसतं

देखरेखीच्या परीक्षेत तुम्ही प्रामाणिकपणे काय करताय आणि कॅमेऱ्याला काय दिसतंय, यांतही फट असते. पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा दिसतो आणि सॉफ्टवेअरला चेहराच सापडत नाही. मांडीवर रफ कागद घेऊन गणित सोडवणारा सतत खाली बघताना दिसतो. पुटपुटत वाचायची सवय असलेल्याचे ओठ हलतात. यांतलं काहीही गैर नाही, पण नोंद मात्र होते. लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीला, उजेड समोरून, रफ कागद टेबलावर कॅमेऱ्याच्या टप्प्यात, हे जमवा आणि रफ कागद चालतो का ते आधी विचारून घ्या. मेसेजची सूचना पडद्यावर उमटली आणि तिच्यावर चुकून क्लिक झालं तर 'परीक्षेची खिडकी सोडली' अशी नोंद होऊ शकते. परीक्षेआधी सगळ्या सूचना बंद करा, दुसरा मॉनिटर काढून ठेवा.

सेफ एग्झाम ब्राउझरसारखी सॉफ्टवेअर, जी झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात तयार झाली, परीक्षा चालू असताना संगणकावरचं बाकी सगळं कुलूपबंद करतात. ती ज्या लॅपटॉपवर परीक्षा द्यायची त्याच लॅपटॉपवर आधी चालवून बघायला हवीत. मित्राच्या लॅपटॉपवर चाललं म्हणून आपल्यावर चालेलच असं नसतं. परीक्षा घेणाऱ्यांनी सराव चाचणी ठेवली असेल तर ती टाळू नका. ती विषयाची नसते, कॅमेऱ्याच्या परवानग्या, कीबोर्ड आणि बटणं यांची असते. त्याच दिवशी संगणकाचे राहिलेले अपडेट उरकून टाका, नाहीतर तो भर पेपरात बंद होऊन चालू होत बसेल. फोनच्या हॉटस्पॉटवर अवलंबून असाल तर लक्षात ठेवा, कॉल आला की काही फोनमध्ये डेटा थांबतो.

पडद्यावर वाचणं

पडद्यावर आपण भरभर वाचतो आणि वाचून झालं असं समजतो. २०१८ मध्ये संशोधक पाब्लो डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र करून तपासले. माहितीपर मजकूर कागदावर वाचल्यास अधिक चांगला समजतो असं त्यांना दिसलं आणि वेळेचं बंधन असताना हा फरक वाढत होता. परीक्षा म्हणजे वेळेचं बंधन आलंच. माझा उपाय साधा आहे. लांब प्रश्नातलं मुख्य मागणं रफ कागदावर दोन शब्दांत उतरवा, 'तुलना करा', 'अयोग्य विधान', 'सोडून इतर'. हाताने लिहिताना डोळा थांबतो.

परत येऊन उत्तर बदलावं का? 'पहिलं मनात आलेलं बरोबर असतं' असं आपण एकमेकांना सांगत असतो. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५६१ विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतली खाडाखोड तपासली. ५१ टक्के बदल चुकीकडून बरोबरकडे होते, बरोबरकडून चुकीकडे फक्त २५ टक्के. ठोस कारण सापडलं असेल तर बेलाशक बदला, आणि बदललेलं सेव्ह करा. काही परीक्षांमध्ये मात्र मागच्या प्रश्नाकडे परत जाताच येत नाही. तिथे पुढे जाण्याआधीच काय ते ठरवावं लागतं.

मध्येच काही बिघडलं तर

नेट जातं, वीज जाते, पान पांढरं पडतं. तेव्हा घाबरून एकामागून एक बटणं दाबली की गुंता वाढतो. आधी घड्याळ बघा आणि वेळ कागदावर लिहा. पडद्यावर काही संदेश असेल तर स्क्रीनशॉट घ्या, त्यात घड्याळ दिसू द्या. स्क्रीनशॉटला परवानगी नसेल तर संदेशातले शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. नेट परत आलं की त्याच लॅपटॉपवरून, त्याच ब्राउझरमधून पुन्हा लॉगिन करा आणि आधीची उत्तरं जागेवर आहेत का ते पाहा. मदतीचा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवला असेल तर लॅपटॉप बंद पडला तरी हाताशी राहतो. तो वहीत वेगळा लिहून ठेवलात तर आणखी चांगलं.

मग लगेच, शक्य असेल तर मुदतीच्या आतच, मेल करा. निकालानंतर आलेल्या 'माझं नेट गेलं होतं' या मेलवर शिक्षकाला फार काही करता येत नाही, मनात असलं तरी. मेलमध्ये कहाणी नको, एवढंच पुरतं: 'सर, माझा परीक्षा क्रमांक अमुक. १०:४२ ला प्रश्न ६ चं उत्तर लिहीत असताना पान बंद झालं. १०:५१ ला पुन्हा लॉगिन झालं. प्रश्न १ ते ५ ची उत्तरं दिसत आहेत, प्रश्न ६ रिकामा आहे. स्क्रीनशॉट जोडला आहे.' लिहिलेली फाइल तयार असेल तर तीही जोडा. असा मेल आला की मी सर्व्हरच्या नोंदी उघडते, १०:४२ ला तुमची जोडणी तुटलेली आणि १०:५१ ला परत आलेली शोधते, आणि तुमच्यासाठी कोणाशी बोलायचं असेल तर बोलायला माझ्या हातात काहीतरी असतं.